पस्तीस वने आणि एक पुस्तक

दरवर्षी दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र येते आणि त्यात एक वाक्य ठरलेले असते : अलीकडे आवडलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी लिहा. ह्या वर्षी मी निवडलेले पुस्तक अलीकडचे नाही, ललित नाही आणि मराठीही नाही. १९५९ साली एडिंबरोच्या ऑलिव्हर अँड बॉइड ह्या प्रकाशकांनी काढलेला तो वनशास्त्रावरचा ग्रंथ आहे. ‘द नेटिव्ह पाइनवुड्स ऑफ स्कॉटलंड’ हे त्याचे नाव, एच. एम. स्टीव्हन आणि ए. कार्लाइल हे त्याचे कर्ते. स्टीव्हन हे अबर्डीन विद्यापीठात वनशास्त्राचे प्राध्यापक होते. करंजी मोडता मोडता कोणी स्कॉटलंडातल्या झाडांविषयी का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला एका ओळीत देता येत नाही, म्हणून तर हा लेख.

पुस्तक मला पुण्यात एका रद्दीवाल्याकडे मिळाले. कोणा निवृत्त वनाधिकाऱ्याचा संग्रह घरच्यांनी किलोवर विकला असावा. नावाचे पान कापलेले होते. परंतु समासात बारीक पेन्सिलीने टिपणे होती, आणि ती मराठीत होती. बहुतेक टिपणे एकेका शब्दाची आहेत. एक मात्र पुरते वाक्य आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्लेनमोरचे वन तोडले गेले त्या हकिगतीशेजारी ह्या अज्ञात वाचकाने लिहिले आहे : ‘सरळ झाडे गेली, वाकडी राहिली. आता बी कोणाचे?’ सगळा ग्रंथ वाचून झाल्यावर माझे मत असे झाले की, ह्या पुस्तकावरची सर्वांत मार्मिक टीका ह्याच एका ओळीत आहे. पुढे मी जे लिहिणार आहे ते तिचे भाष्य समजावे.

प्रथम त्या झाडाची ओळख करून दिली पाहिजे. सिमल्याला किंवा नैनितालला जाऊन आलेल्यांना चीड ठाऊक असतो. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्याने येतात. स्कॉटलंडचा पाइन त्याचाच भाऊबंद, पण त्याच्या सुया दोन-दोन, आखूड आणि निळसर हिरव्या. खोडाचा वरचा भाग नारिंगी, संध्याकाळच्या उन्हात तापलेल्या तांब्यासारखा. हिमयुग ओसरल्यावर, सुमारे नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी, हा वृक्ष त्या डोंगराळ मुलुखात पोचला आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या आपल्याच बियांतून उगवत आला. माणसाने लावलेला पाइन ब्रिटनभर आहे. असा आपोआप वंश चालत आलेला मात्र थोडाच उरला आहे. दोघा ग्रंथकारांनी हा थोडा पाइन हुडकून काढला. खोऱ्यांमागून खोरी पायी तुडवून त्यांनी ३५ वने निश्चित केली आणि प्रत्येकाची स्वतंत्र हकिगत लिहिली.

ह्या हकिगती हा ग्रंथाचा प्राण आहे. आपल्याकडे गावोगावच्या कैफियती आहेत, त्यांची मला वारंवार आठवण झाली. वन कोणाचे होते, कोणी कधी विकले, किती झाडे पडली, ओंडके कोणत्या नदीतून वाहून नेले, नंतर मेंढ्या आल्या की हरणे आली, हे सारे जमीनदारांच्या जुन्या दप्तरांतून काढलेले आहे. भाषा कोरडी. अलंकार औषधालाही नाही. तरी वाचताना मन हलते, कारण एकेक वन कसे सुटले ते बहुधा योगायोगाने सुटलेले आहे. डी नदीच्या खोऱ्यातले बॅलोकबुई घ्या. तोडीसाठी व्यापाऱ्याच्या हाती जाणार होते. १८७८ साली व्हिक्टोरिया राणीने ते विकत घेतले म्हणून वाचले. ग्लेनमोरला असे भाग्य लाभले नाही. १७८४ साली ते इंग्रज लाकूड-व्यापाऱ्यांना विकले गेले, ओंडके स्पे नदीतून समुद्रापर्यंत गेले आणि नदीच्या मुखाशी त्यांची जहाजे झाली. पुढे दोन महायुद्धांत कॅनडाहून लाकूडतोडे आणून कितीतरी वने साफ केली गेली.

आता ग्रंथाचा गुण कोणता आणि दोष कोणता, हे सांगण्याची वेळ आली. माझ्या मते दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

वन ‘देशी’ केव्हा म्हणायचे? ग्रंथकारांची कसोटी अशी की, झाडे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नैसर्गिक रीतीने आलेली असली पाहिजेत. म्हणजे कसोटी वंशाची आहे. वनाचा देखणेपणा किंवा लाकडाची किंमत ह्यांना तीत स्थान नाही. १९५९ साली, जेव्हा वनखात्यांचे सारे लक्ष घनफुटांकडे होते, तेव्हा ही कसोटी लावणे हे धाडसच होते. परंतु वंश सिद्ध कसा करायचा? त्यांच्यापाशी साधने दोन : दप्तर आणि डोळा. दप्तरात लागवडीची नोंद नाही, जमीन जुन्या वनाची दिसते, निरनिराळ्या वयांची झाडे आहेत, तर वन देशी. झाडांच्या बाह्य रूपातले भेदही त्यांनी मोठ्या चिकाटीने नोंदले आहेत. माथा कसा, साल कशी, फांद्या कशा. पण बाह्य रूप फसवे असते. एखादे झाड वाकडे असते ते वाऱ्यामुळे, की कोवळेपणी हरणाने शेंडा खुडल्यामुळे, की ते रक्तातच आहे, हे नुसते पाहून कळत नाही. समासातला प्रश्न येथेच बोचतो. ‘बी कोणाचे?’ ह्याचे उत्तर ह्या ग्रंथात नाही. असणे शक्यही नव्हते.

उत्तराचा पहिला धागा पुढे राळेत सापडला. पाइनच्या कोवळ्या फांदीतल्या राळेत टर्पेंटाइनच्या वासाची काही द्रव्ये असतात. त्यांचे परस्परप्रमाण झाडागणिक वेगळे असते आणि ते आईबापांकडून येते. हवापाण्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ब्रिटिश वनखात्यातल्या एका संशोधकाने (त्यांचे आडनावच फॉरेस्ट होते!) वनोवनी फांद्या गोळा करून ही प्रमाणे मोजली. १९८६ साली किनलॉक, वेस्टफॉल आणि फॉरेस्ट ह्या तिघांनी त्यातून निघालेला निष्कर्ष मांडला. तो ग्रंथकारांना सुखावणाराही होता आणि चकित करणाराही. तुकडे तुकडे होऊन, तोड सोसून, इतकी वर्षे एकाकी राहूनही ह्या वनांतली विविधता विलक्षण टिकून होती. आणि तिचा मोठा भाग एका वनात आणि दुसऱ्या वनात नव्हता, तर एकाच वनातल्या शेजारशेजारच्या झाडांत होता. अपवाद वायव्येच्या कोपऱ्यातला. तिकडची शील्डेग आणि लॉक मरी ह्या बाजूची झाडे इतरांहून ठळकपणे निराळी निघाली.

हे असे का, ते समजून घेण्याजोगे आहे. पाइनच्या एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही शंकू येतात, पण झाड स्वतःच्याच परागाने फळले तर बी बहुधा पोकळ निघते. परागाला वारा मैलोगणती नेतो. बी मात्र पंख असूनही बहुतेक आईच्या आसपासच पडते. आपल्याकडे म्हणतात ना, लेक परगावी जाते आणि लेकरू घरात राहते. येथे उलट, बाप फिरस्ता आणि आई घर धरून बसलेली. निसर्गाची आणखी एक गंमत अशी की, पाइनमध्ये पेशीतल्या काही कणांचा वारसा केवळ आईकडून आणि काहींचा केवळ बापाकडून येतो. त्यामुळे दोन्ही वाटा निरनिराळ्या शोधता येतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या आईकडच्या वारशाचा एक प्रकार स्कॉटलंडच्या केवळ पश्चिमेकडच्या काही वनांत आढळला. म्हणजे हिमयुगानंतर पाइन तेथे एकाहून अधिक दिशांनी आला असण्याचा संभव आहे. ज्याला आपण एक घराणे समजत होतो ती निदान दोन घराणी आहेत!

मी साहित्याचा माणूस आहे, म्हणून मला येथे पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढा काळ तेथे सिद्ध होत होती. सुकथनकर आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनी देशभरच्या पोथ्या जुळवल्या, एक पाठ वर छापला आणि उरलेले पाठभेद तळटीपेत ठेवले. टाकले काहीच नाही. उद्या कोणाला वाटले की संपादकांची निवड चुकली, तर त्याला तळटीप खुली आहे. वनाला तळटीप नसते. वनपालाने ‘उत्तम’ म्हणून पाच झाडे निवडली आणि त्यांच्याच बियांची रोपे डोंगरभर लावली, तर उरलेले पाठ गेलेच. आणि उत्तम तरी कशासाठी? जहाजाच्या डोलकाठीसाठी जे उत्तम, ते रोगाशी झुंजायला उत्तम असेलच असे नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. ह्या शतकात स्कॉटलंडच्या देशी पाइनवर एक बुरशी पसरली आहे. सुयांवर तांबडे पट्टे पडतात, सुया गळतात, झाड खंगते. वेगवेगळ्या मातृवृक्षांच्या बियांची रोपे घेऊन तपासले तेव्हा असे दिसले की, काही कुळांना ती बुरशी फार बाधते आणि काहींना कमी, आणि हा गुण बऱ्याच अंशी वंशपरंपरेने येतो. वसंतात कळी केव्हा फुटते ह्यातही वनावनांत आणि एकाच वनातल्या कुळाकुळांत फरक आढळला आहे. कोणत्या हवेत कोणता फरक उपयोगी पडेल हे आज सांगता येत नाही. म्हणूनच सर्वच राखले पाहिजेत. कोपऱ्यात वाकडे उभे असलेले एखादे खोड ह्याच रोगाला पुरून उरणारे निघेल.

अशा झाडांना तिकडचे लोक ‘ग्रॅनी’ म्हणतात, आजीबाई. दोन-तीनशे वर्षांची, रुंद माथ्याची, फांद्या पसरून एकेकटी उभी. कुऱ्हाडीने त्यांना सोडले ते दयेने नव्हे; त्यांतून सरळ फळी निघत नव्हती म्हणून. आता बियांसाठी सारी मदार त्यांच्यावर. पण कित्येक खोऱ्यांत आजी आहे आणि नातवंड नाही, मधल्या दोनशे वर्षांत एकही झाड नाही. कारण हरणे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांना शिकारीचा षोक जडला आणि डोंगर हरणांसाठी राखले गेले. लांडगा त्याआधीच नाहीसा झाला होता. हिवाळ्यात बर्फातून डोके काढणारे प्रत्येक रोप खुडले जाते. आजी दर काही वर्षांनी बियांचा वर्षाव करते आणि तो व्यर्थ जातो. ग्रंथात हे वर्णन ज्या ज्या वनाच्या वाट्याला आले आहे तेथे कोरड्या भाषेतही एक हताश सूर लागतो.

मग काळजीने वन राखायचे म्हणजे काय करायचे? बी गोळा करायचे असेल तर पुष्कळ मातृवृक्षांपासून, एकमेकांपासून दूर असलेल्यांपासून घ्यायचे, कारण शेजारणी बहुधा बहिणी असतात. भरघोस बियांच्या वर्षी घ्यायचे, म्हणजे बापही अनेक असतात. सरळ-वाकडे असा भेद करायचा नाही. रोपवाटिकेत खुरटे रोप दिसले की माळी ते उपटतो; तेथेही हात आखडता घ्यायचा, कारण तीही निवडच. हे मला विशेष पटते, कारण आमच्या एका शाळेच्या आवारात काही वर्षांपूर्वी वृक्षारोपणाचा समारंभ झाला तेव्हा सगळी रोपे एकाच मापाची हवीत, म्हणजे छायाचित्र बरे येते, असा आग्रह मी ऐकला आहे. लहान रोपे टोपलीत परत गेली. असो. पण स्कॉटलंडात आता बहुतेकांचे मत असे की, लावण्यापेक्षा उगवू द्यावे हेच बरे. निसर्ग हजारो रोपे टाकतो आणि त्या त्या जागी जे तगते ते तगते. ही चाळणी कोणत्याही रोपवाटिकेत नाही.

उगवू द्यायचे तर हरणे आवरली पाहिजेत. प्रथम कुंपणे घातली गेली. आत रान माजले, बाहेर उजाड. पण तारेच्या कुंपणावर कॅपरकेली हा मोठा वनपक्षी आदळून मरू लागला, तेव्हा काही ठिकाणी कुंपणे काढावी लागली. ग्लेन फेशी ह्या खोऱ्यात दुसरा मार्ग धरला गेला. २००४ सालापासून तेथे हरणांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटवली. त्यावरून कडाक्याचे वाद झाले. शिकारीवर पोट असणाऱ्यांना ते रुचणे शक्यच नव्हते, आणि त्यांचे दुःख मी हसण्यावारी नेणार नाही. पण कुंपणाशिवाय तेथे पाइनची पोरे उभी राहिली आहेत.

ह्या कॅपरकेलीचीच गोष्ट मला पुढच्या मुद्द्यासाठी हवी आहे. स्कॉटलंडातला मूळचा कॅपरकेली अठराव्या शतकात नामशेष झाला. आज जो आहे तो १८३७ साली स्वीडनहून आणलेल्या पक्ष्यांचा वंश. म्हणजे देशी वनाच्या ज्या पाहुण्यासाठी कुंपणे काढली तो स्वतः परदेशी बियाण्याचा! मी हे टवाळीने लिहीत नाही. स्टीव्हन-कार्लाइल यांच्या ग्रंथाने ‘देशी’ ह्या शब्दाला जे वजन दिले, ते पुढे काही जणांच्या हाती सोवळ्याचे वजन झाले. राळेच्या आधारे देशी पाइनचे सात प्रदेश पाडले गेले. एका प्रदेशातल्या नव्या लागवडीला त्याच प्रदेशातले बी असावे असा दंडक झाला. दंडक चांगला आहे. युरोपातले स्वस्त बी आणून जुन्या वनाच्या शेजारी लावण्याची जी चाल होती तिला त्यामुळे आळा बसला. वायव्येच्या निराळ्या घराण्याला तर हे संरक्षण हवेच. परंतु वारा सात प्रदेशांच्या सीमा पाळत नाही. पराग ह्या वनातून त्या वनात जातो म्हणूनच एवढी विविधता टिकली. विविधतेचे जे कारण तेच भेसळ म्हणून वर्ज्य ठरवणे हा विचारातला घोटाळा आहे. चार-दोनच म्हाताऱ्या झाडांचा तुकडा कोठे उरला असेल, तर तो सोवळ्यात ठेवून मरू द्यायचा, की शेजारच्या खोऱ्यातून बी आणून त्याला सोबत द्यायची? मी दुसऱ्या पक्षाचा आहे. वंश राखायचा म्हणजे पुढची पिढी राखायची. वंशावळीचा कागद राखून ती होत नाही.

आणखी एका बाबतीत ग्रंथकारांशी, निदान त्यांच्या वाचकांशी, माझे भांडण आहे. हे पुस्तक वाचून मनात एक चित्र उभे राहते : एके काळी सारे स्कॉटलंड घनदाट पाइनने झाकलेले होते आणि माणसाने, विशेषतः इंग्रजाने, ते तोडले. आपल्यालाही असे चित्र आवडते. पण स्मट, मॅक्डॉनल्ड आणि वॉटसन ह्या इतिहासकारांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात ह्या चित्राला बराच धक्का दिला. पुष्कळसा पाइन फार पूर्वीच, हवा ओली होऊन दलदल वाढली तेव्हा मागे हटला होता. दलदलीच्या काळ्या मातीत त्याचे बुंधे अजून सापडतात. दोष कोणाचा हे ठरवण्यात मन रमते, आणि बी कोणाचे हा प्रश्न तसाच राहतो.

ह्या साऱ्यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. एक छोटा धागा आहे. आपल्या मुंबई इलाख्याचे पहिले वनरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटलंडचेच. १८४७ साली त्यांची नेमणूक झाली. पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पतीबाग त्यांच्या देखरेखीखाली होती आणि कोकणातल्या डोंगरांची तोड पाहून त्यांनी सरकारला इशारे दिले होते. स्वतःच्या देशात डोंगर उघडे झालेले त्यांनी पाहिले असतील. पण हा धागा मी ओढून ताणणार नाही. पुस्तक त्याच्या स्वतःच्या बळावर उभे आहे.

३५ वनांची ती यादी आज ८४ जागांपर्यंत वाढली आहे. लहान लहान तुकडेही आता मोजले जातात, आणि सगळे मिळून क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर भरते. ग्रंथ नसता तर ही मोजणी सुरूच झाली नसती. दोघांनी नुसत्या दप्तराच्या आणि डोळ्याच्या आधाराने जी वने देशी ठरवली ती पुढे राळेच्या कसोटीलाही बहुतांशी उतरली, हे त्यांच्या चिकाटीचे यश. त्यांच्या दोषांची जी चर्चा मी केली ती त्यांनीच पाया घातला म्हणून करता आली.

लॉक मरीच्या काठी एक जुने वन आहे; त्याच्या गेलिक नावाचा अर्थ ‘करड्या उताराचे रान’ असा होतो. ते ज्या बेन एय डोंगराच्या कुशीत आहे, तो १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय निसर्ग-राखीव क्षेत्र ठरला. २०१९ साली ब्रिटनमधली पहिली वंश-संवर्धन-जागा म्हणूनही त्याचीच नोंद झाली, खास तेथल्या पाइनसाठी. बातमी वाचल्यावर मी ग्रंथातले ते पान पुन्हा उघडले. माझ्या वनाधिकाऱ्याने तेथे काहीच लिहिलेले नाही. पानाचा कोपरा मात्र दुमडलेला आहे.